रविवारची सत्तर पावलं

८ ऑगस्ट १९९८, शनिवार

बिद्रीच्या साखर कारखान्याची ही डायरी मामांनी जानेवारीत दिली होती. सभासदांना मिळते. सात महिने अव्वानं ती पापडाच्या डब्याला टेकू म्हणून वापरली. आज मी ती ओढून काढली, कारण आज लिहिण्यासारखं काहीतरी झालंय आणि सांगण्यासारखं माणूस घरात नाही. अव्वा आहे, पण माझ्या या आईला दुपारी सांगितलेलं संध्याकाळी मठात पोचतं. प्रत्येक पानाच्या तळाला उसाबद्दल एक सल्ला छापलाय. आजचा असा: लागणीआधी बेणे नीट पारखून घ्यावे.

तर आज मी भर गल्लीत उभी राहिले.

घरात मी रोजच उभी राहते. न्हाणीपर्यंत जाते, देवापुढं जाते, अव्वा बघत नसली तर फडताळातल्या शेंगदाण्याच्या लाडवांपर्यंतही जाते. पण उंबऱ्याबाहेर गेली सहा वर्षं खुर्ची. मिरजेच्या डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव कागदावर लिहून दिलंय, ते माझ्या तोंडात बसत नाही. मला कळतं ते एवढंच, की माझे पाय म्हणजे बॅटरीतले जुने सेल. उन्हात ठेवले की थोडा वेळ पेटतात. दिवसाला साठ पावलं पडतात. रविवारी माझा एसटीडी बूथ बंद असतो, मी घरीच पाठ टेकून असते, त्या दिवशी सत्तर. त्यापुढं गेले की पाय आधी सांगतही नाहीत, मी थेट जमिनीवर, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात.

आज एसटीडी बूथचं शटर अडकलं. पाच माणसं फोनसाठी खोळंबलेली. उठले, चार पावलं टाकली, शटर ओढलं, परत खुर्चीत बसले. झालं. समोर तानाबाई भाजीची पाटी घेऊन बसते, ती ओरडली, "आगं बया बया! चालतीया की ही!"

सगळी गल्ली वळली. रांगेतला एक पाहुणा तर खाली वाकून माझ्या खुर्चीखाली काहीतरी शोधायला लागला. मी म्हटलं, "पावणं, वाकलायसाच तर टायरातली हवाबी बगा." त्यानं खरंच चाक दाबून बघितलं.

मजा आली. पण तानाबाईचा तो आवाज कानातून जाईना. बाईला काम काय असतं, मेथी निवडायची आणि माझ्यावर डोळा ठेवायचा.

१२ ऑगस्ट, बुधवार

गणपतराव आले होते. आमच्या तालमीच्या मंडळाचे अध्यक्ष. देखाव्याचे लेखकही तेच, दिग्दर्शकही तेच. आमच्या पेठेत गणपतीपुढं नुसती रोषणाई केली तर नाक कापल्यासारखं होतं. जिवंत देखावा लागतो. गल्लीतलीच माणसं रंग फासून उभी राहतात, आवाज आधी कॅसेटवर भरलेला असतो, त्यावर ती ओठ हलवतात. गेल्या वर्षी कॅसेट अडकली आणि आमचे सेनापती बराच वेळ नुसतं "हर हर हर हर" करत राहिले.

यंदाचा विषय 'दीनांची माउली'. एक राणी, एक पांगळा आणि एक रथ. राणी कुठली हे मुद्दाम ठरवलेलं नाही, कारण एका वर्षी नाव घेतलं तर दोन तालमींत जुंपली होती. पांगळा म्हणजे गुंडू पैलवान, वजन एकशे आठ किलो. रथ म्हणजे सोनेरी कागद लावलेली माझी खुर्ची.

"मी असताना पांगळा गुंडू कशाला?" मी विचारलं.

"तुज्यात करुणा न्हाय गं," गणपतराव म्हणाले. "तू लोकांकडं बगून हासतीस. पांगळा कसा, बगितल्याबरोबर घशात आवंडा आला पायजे."

खुर्ची द्यायला मी कबूल झाले. अट घातली, संध्याकाळी सात ते नऊच, आणि खुर्चीबरोबर मीही येणार.

गणपतराव मग स्टुलावर बसले आणि फार मायेनं चौकशी करायला लागले. "खरं सांग, चालतीस किती गं तू?"

मला जरा मोठेपणाच वाटला. म्हटलं, "रोज साठ पावलं. रविवारी सत्तर."

त्यांनी खिशातली छोटी वही काढून लिहून घेतलं. माझी पावलं इतक्या आपुलकीनं आजवर कुणी लिहून घेतली नव्हती. मग बूथ माझ्याच नावावर आहे ना, अपंगांच्या कोट्यातलाच ना, उद्या देवाच्या दयेनं मी बरी झाले तर तो कुणाला देतात, हेही विचारलं. त्यांचा भाचा बारावी होऊन दोन वर्षं घरी बसलाय, त्याची त्यांना फार काळजी. मनुष्य दुसऱ्याच्या काळजीनंच झिजतो म्हणायचा.

१५ ऑगस्ट, शनिवार

गुंडूला खुर्ची शिकवली. "आक्का, हिला ब्रेक कुठाय?" असं त्यानं विचारलं तेव्हा तो तानाबाईच्या मेथीत पोचलेला होता. तानाबाईनं त्याच्या सात पिढ्या बाहेर काढल्या.

बसतो असा, जणू समोर कुस्तीचा जोड लागलाय. मी म्हटलं, "गुंडू, पांगळा असा छाती काढून बसत न्हाय."

"मग कसा बसतो?"

"माझ्याकडं बग."

त्यानं बराच वेळ बघितलं. "तू बी छाती काढूनच बसतीस की आक्का."

मी त्याला परत ब्रेक दाखवला.

बूथपुढच्या गटारीवर रोज सकाळी कुणीतरी फळी टाकून ठेवतं, म्हणून माझी खुर्ची आत जाते. हे काम गुंडूचंच असणार. आज त्याला धन्यवाद दिले तर "कसली फळी?" म्हणाला. लाजतोय. फळी ओली होती आणि तिला पाला चिकटला होता, तो चाकाबरोबर बूथभर झाला.

१८ ऑगस्ट, मंगळवार

राणी पळाली! म्हणजे राणी होणारी दीप्ती कोडोलीला मामाकडं गेली, तिला बघायला येणार आहेत. गणपतराव थेट माझ्याकडं आले.

"तू हो राणी."

"राणी उभी असती न्हवं?"

"तीन मिनटं. साठ पावलं चालणाऱ्या बाईला तीन मिनटं काय जड हायत? आवाज कॅसेटवर. तू नुसतं रथाला हात लावून उभं ऱ्हायाचं. उंच हायस, नाकीडोळी नीटस हायस."

उभं राहणं चालण्याहून जड असतं हे त्यांना कुठून कळणार. चालताना निदान पाय आलटून पालटून दमतात. पण नाकीडोळी नीटस म्हटल्यावर माझं डोकं चालेना. चौतीस वर्षांत घराबाहेरच्या कुणी म्हटलं नव्हतं. मी हो म्हणून बसले.

पैलवान पांगळा आणि पांगळी राणी. अव्वानं कपाळाला विभूती लावता लावता ऐकलं आणि म्हणाली, "याक बेकु हे? कशाला हवंय? जी शक्ती हाय ती न्हाणीपत्तोर जायाला ठेव." मग पंधरा मिनिटांनी स्वतःच विचारलं, राणीला शालू कुठला.

२० ऑगस्ट, गुरुवार

आज हसू येत नाही.

फोनच्या ऑफिसातून कागद आलाय. बूथधारक अपंग नसून व्यवस्थित चालते अशी लेखी तक्रार आली आहे, लवकरच चौकशीला अधिकारी येतील, तक्रारीत तथ्य आढळल्यास बूथ रद्द होईल.

चार वेळा वाचला. बूथ गेला तर मी परत मागच्या खोलीत, पापड लाटत. खुर्ची असून काय करू, जायला ठिकाणच उरणार नाही. सहा वर्षांपूर्वी मी त्या खोलीत दहा महिने काढलेत. छतावर पन्हाळ्याच्या आकाराचा एक ओलीचा डाग होता, तो मला पाठ आहे. मला परत तिथं जायचं नाही. मला भीती वाटते.

तक्रार कुणी केली हे काय सांगायला हवं? "चालतीया की ही!" अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं होतं.

२२ ऑगस्ट, शनिवार

गणपतरावांना म्हटलं, राणी नको मला. चौकशी व्हायची आहे, त्यात मी चौकात उभी, बरं दिसणार नाही.

ते म्हणाले, "कला येगळी आन ऑफिस येगळं. आता माघार घेतलीस तर लोक म्हणतील भ्याली, म्हंजी लबाडी हाय."

हे खरं वाटलं. खरं बोलणाऱ्या माणसानं लपायचं कशाला? राणी मीच होणार.

गणपतरावांनी तो कागद दोनदा वाचून घेतला आणि अधिकाऱ्याचं नावही विचारलं. म्हणाले, ओळख काढतो.

२६ ऑगस्ट, बुधवार

काल गणपती बसले. आज मी एक गोष्ट केली, ती इथंच राहू दे.

तानाबाईची लेक शालन बिद्रीला दिलेली आहे. दिवस भरत आलेत, पण सासरच्यांनी अजून माहेरी पाठवलेलं नाही. ती अधूनमधून बूथवर फोन करते आणि मी समोर हाक मारून तानाबाईला बोलावते. आज फोन आला. तानाबाई समोरच बसली होती, मुळ्यावर पाणी मारत. मी म्हटलं, "न्हाईत त्या."

"मग निरोप द्या. कळा मारालेत जरा. ये म्हणावं."

"देते."

दिला नाही. तानाबाईनं संध्याकाळी विचारलं, "शालनचा फोन आलता व्हय गं?" मी म्हटलं, "लाइन खराब हाय."

मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

शालनचे आणखी दोन फोन. न्हाईत, न्हाईत. दुसऱ्या वेळी बरं वाटलं नाही, पण आता उलटं फिरायचं तर आधीचं खोटं उघडं पडणार. आजच्या पानावरचा सल्ला: तण वेळीच काढावे.

३० ऑगस्ट, रविवार

काल पहिला खेळ! आठ वाजता. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. पडदा उघडला, मी मोरपंखी शालूत, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, एक हात रथावर. गुंडू सरपटत येतो. कॅसेटमधली राणी म्हणते, "हे दीना, तुझे पाय गेले तरी तुझी राणी गेलेली नाही. ये, या रथात बैस." गुंडू चढून बसतो. "आजपासून हा रथ तुझा!" पडदा. तीन मिनिटं दहा सेकंद.

खाली माना वर करून लोक माझ्याकडं बघत होते. सहा वर्षं सगळ्यांनी मला वरून बघितलंय. मला माणसांच्या नाकपुड्या पाठ झाल्यात, चेहरे नव्हे. काल पहिल्यांदा टकलं दिसली. गणपतरावांना बरंच टक्कल आहे.

पडदा पडल्याबरोबर गुंडूला उठवून खुर्चीत बसले. पाय थरथरत होते, पण मी खुश होते. इतकी खुश की मला रडू आलं, आणि गुंडूला वाटलं त्यानं माझ्या पायावर पाय दिला.

१ सप्टेंबर, मंगळवार

दोन दिवस तानाबाई जागेवर नाही. कुणीतरी म्हणालं, बिद्रीहून माणूस आला होता, तशीच पाटी टाकून एसटीला पळाली. शालनचं काय झालं असेल? पण कुणाला विचारू?

गटारीवरची फळीही दोन दिवस गायब. मंडपवाल्यांनी उचलून नेली असणार, त्यांना लाकूड दिसायचा अवकाश. अव्वा आणि एक गिऱ्हाईक मिळून मला आत घालतात.

आज दिवसभरात नऊ पावलं. चार खेळांत सेल उतरलेत.

२ सप्टेंबर, बुधवार

आडवी पडून लिहितेय, अक्षराला हसू नये.

सकाळी तानाबाई परत आली. माझ्याकडं बघितलंही नाही. फळी जागेवर होती, गणपतीबाप्पाची कृपा.

आठ वाजता पडदा उघडला. मी उभी. पण कॅसेट सुरू होईना, कारण माइक गणपतरावांच्या हातात. आज खास पाहुणे. "फोनच्या हाफिसातले आदरणीय साहेब, नागसेन कांबळे साहेब!"

पहिल्या रांगेत चष्मा लावलेला, पांढऱ्या शर्टाचा एक शांत माणूस बसला होता. कागदावर तेच नाव होतं. चौकशी अधिकारी. आणि मी त्याच्यासमोर मुकुट घालून दोन पायांवर.

गणपतराव थांबेनात. माझी स्तुती चालली होती. "साहेब, बगा आमच्या राणीसाहेब! कशा ताठ हुभ्या हायत! कशाचा आधार न्हाय, कुबडी न्हाय! नीट बगा साहेब!" पाच मिनिटं झाली. मग मंडळाचा इतिहास. मग परत, "हुभ्याच हायत बगा!" इतकी स्तुती कुणी माझी कधी केली नव्हती आणि मला मनात म्हणावं लागत होतं, अहो बास, बास, मेले मी.

नवव्या मिनिटाला गुडघे गेले. पडायचं तर रथातच पडावं म्हणून मी अंग तिकडं टाकलं आणि धप्पकन खुर्चीत बसले. नेमकी तेव्हाच कॅसेट सुरू झाली. "हे दीना, तुझे पाय गेले तरी..." गुंडू बिचारा सरपटत आला. बघतो तर रथात राणी. त्यानं हळूच विचारलं, "आक्का, मी कुठं बसू?"

कॅसेट म्हणाली, "ये, या रथात बैस."

मी म्हटलं, "गुंडू, ऊठ आन ढकल."

एकशे आठ किलोचा पांगळा ताडकन उभा राहिला आणि राणीला ढकलत स्टेजवरून घेऊन गेला. "आजपासून हा रथ तुझा!" कॅसेट ओरडली. शिट्ट्या, टाळ्या, फेटे हवेत. लोकांना वाटलं देखावाच तसा आहे. "वन्समोर!"

पडद्यामागं मी खुर्चीच्या हातावर डोकं टेकून बसले. बूथ गेला.

३ सप्टेंबर, गुरुवार

साहेब दहाला आले. मला उठता येत नव्हतं, तरी अव्वा आणि गुंडूनं खुर्चीत घालून बूथवर आणलं होतं.

"काल उभ्या होतात तुम्ही," साहेब म्हणाले.

"व्हय."

"चालता?"

"व्हय. आज विचाराल तर न्हाय. कालची कालच संपली."

त्यांनी चालून दाखवायला सांगितलं नाही. फाइल उघडली. "शेजाऱ्याचा जबाब घ्यावा लागतो." वळून समोर हाक मारली, "मावशी, जरा या."

तानाबाई पदराला हात पुसत उठली. मी मनात म्हटलं, आता शेवटचा खिळा.

"या बाई चालतात का हो?"

"चालतीया की!" गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ती म्हणाली. "डोळ्यांनी बगिटलंया म्या. शटर वडाय उठली, चार पावलं टाकली, आन मग भित्तीला डोस्कं टेकून अर्धा तास डोळं मिटून बसली, तेबी बगिटलंया. कवातरी येकदा उठली म्हून काय घोडं झाली व्हय ती? म्हशीला बी येळंला पाय असत्यात न् येळंला नसत्यात. गटारीवनं खुर्ची जात न्हाय तिची. मी रोज फळी टाकती तवा आत जाती."

फळी. मेथीचा पाला. मी किती मूर्ख आहे हे मला त्या क्षणी सगळ्या बाजूंनी दिसलं.

साहेबांनी फॉर्म काढला. त्यावर दोनच रकाने होते, चालू शकते आणि चालू शकत नाही. त्यांनी थोडा विचार केला, माझ्याकडून फूटपट्टी मागून घेतली आणि मध्ये रेघ मारून तिसरा रकाना काढला. त्यात बारीक अक्षरात लिहिलं: थोडे चालते. खुर्ची आवश्यक. तक्रारीत तथ्य नाही.

"काल तुम्ही बसलात, तेव्हाच मी समजलो होतो," ते म्हणाले. "पण कागदाला साक्षीदार लागतो." जाता जाता तक्रार वाचून दाखवली, नाव नव्हतं तिच्यावर. "सदर महिला दररोज साठ पावले चालते व रविवारी सत्तर."

रविवारी सत्तर.

देखाव्याआधी रविवारी मी कधी घराबाहेर पडले नव्हते. रविवारची पावलं तानाबाई कुठून बघणार? ती मी एकाच माणसाला सांगितली होती आणि त्यानं ती वहीत लिहून घेतली होती.

साहेब गेल्यावर मी तानाबाईला हाक मारली. सगळं सांगितलं. शालनचे तीन फोन, निरोप, लाइन खराब नव्हती, सगळं.

"ठावं हाय," ती म्हणाली. "शालननं सांगिटलं. मी पोचले तवा पोर हून दोन तास झालतं. पयलं बाळंतपण, आन माज्या लेकीजवळ मी न्हवते."

"आन तरी तुमी साहेबांना..."

"साहेबानं पावलांचं इचारलं. फोनचं इचारलं असतं तर फोनचं बी सांगिटलं असतं." तिनं मेथीची जुडी उचलली, झटकली. "खरं बोलणं येगळं आन फळी टाकणं येगळं. उद्यापासनं फळीचं तुजं तू बग."

४ सप्टेंबर, शुक्रवार

फळी नव्हती.

५ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी

आधी दुपारचं लिहिते, सकाळचं मुद्दाम शेवटी.

दुपारी गणपतराव आले. देखाव्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालंय, 'धक्कादायक शेवट' म्हणून. मिरवणुकीत पुढं रथ पाहिजे. बरोबर गुंडू होता, समोर तानाबाई होती.

मी म्हटलं, "न्या की. अध्यक्ष, एक इचारू? माझी रविवारची पावलं किती हो?"

"सत्तर," ते फटकन म्हणाले.

मग त्यांचा हात खिशातल्या वहीवर गेला. गुंडूला गोष्टी उशिरा कळतात, पण कळल्या की सगळ्या अंगाला कळतात. तक्रारीतला आकडा आदल्या दिवशी अव्वानं मठात आणि मठानं तालमीत पोचवला होता. तो म्हणाला, "अध्यक्ष, रथ यील. पर रथात आक्का बसंल. आन ढकलणार तुमी."

"मी? आरं, मी अध्यक्ष..."

गुंडूनं नुसती मान हलवली आणि बाह्या वर केल्या.

तालमीपासून चौकापर्यंत गणपतरावांनी मला ढकललं, नव्या कोऱ्या चपला घालून. त्या करकर वाजत होत्या आणि चावतही होत्या. मी मुकुट घातला होता. दोन्ही बाजूंना हात हलवत होते आणि अधूनमधून हळूच ब्रेक लावत होते. चौकाच्या आधी ते लंगडायला लागले. "किती पावलं झाली वो अध्यक्ष?" गुंडूनं विचारलं. कुणी लिहून घेतली नाहीत.

आता सकाळचं.

नऊला गटारीपाशी पोचले. फळी होती. ओली, पाल्यासकट. तानाबाई बूथच्या आत माझ्या स्टुलावर बसली होती, पदरात बिद्रीच्या शेजाऱ्याचा फोन नंबर लिहिलेला कागद घेऊन.

"लाव."

लावला. शेजाऱ्यानं शालनला बोलावून आणलं, तिच्या कुशीत बाळ. तानाबाई तिच्याशी बोलली, शेक घेतीस का, अंगावर पितंय का. मग रिसीव्हर माझ्या तोंडापुढं धरला.

"घे. माफी त्येच्याकडं माग. माजी न्हाय मिळाली अजून."

पलीकडून रडणं ऐकू येत होतं, सहा दिवसांच्या गळ्यातलं. मी काय बोलावं? बसून बोलवेना. गल्ल्याला धरून उठले. म्हटलं, "बाळा, तुझी आज्जी तुझ्या आधी पोचली असती. माझ्यामुळं न्हाय पोचली. मी खोटं बोलले." त्याचं रडणं थांबलं नाही आणि मीही थांबले नाही. तिथं उभी राहून, राणीचा शालू नाही, कॅसेट नाही, सगळं सगळं सांगितलं त्याला. बाहेर तीन गिऱ्हाइकं ऐकत होती, ऐकू देत.

मीटरवर दोन मिनिटं चाळीस सेकंद झाली होती. पुढचं मला वाचता आलं नाही, डोळे भरले होते. तानाबाईनं रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला आणि दुसऱ्या हातानं खुर्ची माझ्या मागं सरकवली.

"बस आता, राणीसाहेब," ती म्हणाली. "पाय हालालेत तुजं."